पाणी गाळतो, बातमी गाळत नाही



आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या बायकांना सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी बाकीची सगळी कामं बाजूला पडतात. परवा पहाटे असंच पाणी आलं. नेहमीप्रमाणे तोटीला दुपदरी कापड बांधलं आणि खाली कळशी लावली. कळशी भरेपर्यंत नुसतं उभं राहायचं, म्हणून दुसऱ्या हातात मोबाइल घेतला. कोणीतरी पाठवलं होतं की अमुक पाल्याचा रस सात दिवस घेतला की साखर कायमची जाते आणि डॉक्टर लोक हे मुद्दाम लपवून ठेवतात. मी ते अर्धंच वाचलं आणि माहेरच्या ग्रुपवर पुढे ढकललं. आमच्या माहेरी निम्म्या माणसांना मधुमेह आहे, म्हटलं कुणाला तरी उपयोग होईल.

कळशी भरली. कापड सोडताना आधी माझं मलाच हसू आलं, आणि मग काळजात धस्स झालं. महापालिकेने शुद्ध करून सोडलेलं पाणीसुद्धा मी कापडातून गाळल्याशिवाय घरात घेत नाही. आणि कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं याचा काही पत्ता नसलेला मजकूर मी न गाळता थोरल्या भावाच्या हातात दिला होता. तो रोज इन्सुलिन घेतो. त्याने सात दिवस ते बंद ठेवून पाल्याचा रस घेतला असता तर?

लगेच फोन लावला. तो हसून म्हणाला, "अगं, तुझ्याआधी चौघांनी पाठवलंय हे. मी वाचतसुद्धा नाही." माझा जीव भांड्यात पडला. पण त्याने वाचलं नाही म्हणून निभावलं. त्यात माझा काही शहाणपणा नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर आमच्या बायकांत एक वाद रंगला. मोबाइल, व्हॉट्सअॅप, फेसबुक यांनी माणसाचं रोजचं जगणं सुधारलं की बिघडवलं? एक म्हणाली, "घरात माणसं चार, कोपरे चार आणि मोबाइल पाच. जेवायला हाक मारायची तर मेसेज टाकावा लागतो." दुसरी म्हणाली, "हा मोबाइल नसता तर माझा मुलगा मला वर्षातून एकदाच दिसला असता." दोघींचंही खरं. मी तेव्हा काही बोलले नाही. मला उत्तर सुचायला नेहमीच दोन दिवस लागतात. ते उत्तर आज लिहिते आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण आमच्या दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी कितीतरी वर्षं मीच लिहिली. त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की माझ्या डोळ्यांसमोर आधी पानाच्या मधोमध एक उभी रेघ येते. तेव्हा आधी जमेची बाजू, आणि ती हात आखडता न घेता.

माझी थोरली बहीण ऐंशीच्या घरात आहे. गुडघ्यांमुळे अंथरुणाला खिळली आहे आणि ऐकू जवळजवळ येत नाही. साध्या फोनचा तिला काही उपयोग नव्हता. मी इकडून ओरडायचे, ती तिकडून "काय? काय?" करायची, आणि शेवटी दोघी दमून फोन ठेवायचो. भाची व्हिडिओवर लावून द्यायला लागली तेव्हापासून बहीण माझे ओठ पाहते आणि तिला सगळं कळतं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसून णमोकार म्हणतो. ती एक ओळ मागे असते, पण म्हणते. हे सुख पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या राजाच्या राणीलाही नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीचे मालक अकाली गेले. ती आता घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. सोलापूरची शेंगा चटणी म्हणजे लसूण आलाच, पण तिची बिनलसणाची असते आणि चव तरीही सोलापूरचीच. दुकान नाही, पाटी नाही. सगळ्या ऑर्डरी मोबाइलवर येतात, पैसेही मोबाइलवर. दोन मुलांचं शिक्षण तिने त्यावर केलं. तिच्यासमोर बसून कुणी "मोबाइलने वाटोळं केलं" म्हणून दाखवावं.

आणि २०२० साल कोण विसरेल? मार्चमध्ये मंदिरं बंद झाली. त्या वर्षीचं दशलक्षण पर्व आम्ही घराघरांत बसून केलं. प्रवचन मोबाइलवर, आरती मोबाइलवर. सुरुवातीला आमच्यातल्या काही जुन्या बायकांना ते पटेना. "देवाला डबीत घातलं," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्याच फोन करून विचारू लागल्या, "आज किती वाजता लागणार आहे गं?"

त्यांना हसायचं कारण नाही. नव्या साधनाला आधी नको म्हणायचं आणि नंतर त्याच्याशिवाय अडायचं, ही आपल्या समाजाची जुनीच रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रं छापायला सुरुवात झाली तेव्हा दिगंबर समाजात केवढा विरोध झाला होता! हस्तलिखित म्हणजे पवित्र, छापील म्हणजे अपवित्र, असं मोठमोठे लोक म्हणत. त्याच काळात आपल्या सोलापुरात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' हे पत्र काढलं. आज माझ्यासारख्या साध्या बाईच्या कपाटात शास्त्राची पुस्तकं आहेत ती छापखान्याच्या कृपेने. हस्तलिखितं भांडारात कुलूपबंद राहिली असती तर माझ्या आजीला काय आणि मला काय, कोणी हात लावू दिला असता? तेव्हा साधनाला नावं ठेवून चालणार नाही. जमेची बाजू भरघोस आहे आणि ती मी मोकळ्या मनाने लिहिली.

आता दुसरी बाजू. इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर आमच्या ह्यांनाही धड सांगितलेली नाही.

२०१८ सालचा जून महिना. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा होता आणि सुट्टीला आमच्याकडे आला होता. मोबाइलवर एक मेसेज आला की मुलं पळवणारी टोळी आली आहे, साधूच्या, भिकाऱ्याच्या वेशात फिरते, आपापल्या मुलांना सांभाळा. मागोमाग एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. माझ्या पोटात गोळा आला. अंगणात खेळणाऱ्या नातवाला आधी आत ओढलं, दाराला कडी घातली आणि मग तो मेसेज तीन ग्रुपवर पाठवला. वर दोन ओळी माझ्या पदरच्या घातल्या. "अनोळखी माणसाला दारात उभं करू नका. सर्वांना कळवा."

थोड्याच दिवसांनी बातमी आली. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडे बाजाराचा दिवस. पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. आणि त्यांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. माझ्या घरापासून मंगळवेढा पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

डवरी गोसावी म्हणजे कोण, हे आपल्या पिढीला सांगायला नको. खांद्याला झोळी, हातात डमरू. आमच्या सासूबाईंच्या काळात ते दारी आले की सासूबाई सुपातून ज्वारी आणायला मला आत पिटाळायच्या. आपल्या धर्माचे नाहीत, आपल्या जातीचे नाहीत, पण दारातून रिकामं कुणी जाता कामा नये, हा घरचा नियम होता. ते आशीर्वाद देऊन पुढच्या दारी जायचे. म्हणजे ज्या माणसांना मी माझ्या हाताने भिक्षा वाढली होती, जी माणसं मला डोळ्यांनी ओळखीची होती, त्यांच्यासारख्यांनाच "दारात उभं करू नका" असं मी तीन ग्रुपांना कळवलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरलं आणि मोबाइलवर आलेलं खरं ठरलं.

पुढे वर्तमानपत्रांत आलं की देशभर फिरलेला तो व्हिडिओ मुळात पाकिस्तानातल्या कराचीच्या एका संस्थेने केला होता, लोकांनी मुलांची काळजी घ्यावी म्हणून. त्यात शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि तसा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला आणि बाकीचं सोडून दिलं.

माझा मेसेज राईनपाड्यापर्यंत पोहोचला असं मी म्हणत नाही. बहुधा नसेलच. पण कुणाचा तरी पोहोचला ना? आणि तो पाठवणारीही माझ्यासारखीच नातवाच्या काळजीने घाबरलेली एखादी आजी असेल. तिलाही कुणी विचारलं नसेल, मलाही कुणी विचारलं नाही. त्या तीन ग्रुपांवर मी नंतर "तो मेसेज खोटा होता" एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. ते मी लिहिलं नाही. लाज वाटली. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा सुप्रभातची फुलं सुरू.

जमाखर्चाची रेघ ओढल्यावर मला जे दिसलं ते हे. बहिणीचा चेहरा, चटणीची ऑर्डर, घरबसल्या प्रवचन हे सगळं जमेला आलं ते माझ्या आणि माझ्या ओळखीच्यांच्या खात्यावर. आणि खर्च पडला तो त्या पाच जणांच्या बायकामुलांच्या घरांवर, ज्यांना या सोयीचा लाभ माझ्यापेक्षा कितीतरी कमी मिळाला असेल. एकाच्या खात्यावर जमा आणि दुसऱ्याच्या खात्यावर नावे, अशा वहीला ताळा लागला असं कुठलाही मुनीम म्हणणार नाही. म्हणून "मोबाइलने जगणं सुधारलं का" असं कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुणाचं सुधारलं आणि किंमत कुणी मोजली?

पूर्वी अफवा नव्हत्या असं नाही. आमच्या लहानपणीही होत्याच. पण बातमीला चार ठिकाणी गाळणं लागत होतं. पोस्टकार्ड लिहायचं तर पैसे पडत आणि हात दुखे, म्हणून माणूस जरुरीचं तेवढंच लिही. छापायचं तर संपादक वाचे. १८६७ सालच्या कायद्यापासून तर प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण लागत असे, म्हणजे काही बरंवाईट झालं तर कुणाला धरायचं ते माहीत असे. दुकानातही तसंच. पावती नसेल तर मी नोंद करत नसे. मुनीमजींनी तोंडी सांगितलं तरी नाही. "आधी सहीचा कागद दाखवा," म्हणायचे.

फॉरवर्डला सही नसते. "मी नाही लिहिलं, आलं ते पाठवलं" हे आपण किती सहज म्हणतो! "फॉरवर्डेड अॅज रिसीव्ह्ड" हे तर आमच्या मंडळातल्या इंग्रजी न येणाऱ्या बायकांनाही पाठ आहे.

राईनपाड्यानंतर कंपनीनेही आपल्या परीने गाळणं लावलं. त्याच जुलैमध्ये पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण येऊ लागली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. २०१९ साली ती साऱ्या जगाला लागू झाली. २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. चांगलं केलं. पण हिशोब करून पाहा. पाच ठिकाणं म्हणजे पाच ग्रुपही असू शकतात, आणि तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावत. पाच गुणिले २५६ म्हणजे १,२८०. एवढ्या माणसांना एका बोटाने एका दमात सांगण्याची सोय माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात कलेक्टरलाही नव्हती. ते गाळणं भोकाभोकांचंच आहे. बारीक कापड आपल्यालाच बांधावं लागेल.

आणि मैत्रिणींनो, हे कापड आपल्या घरात आहेच. कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द आपण पाठशाळेत घोकले. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं किंवा करणाऱ्याला बरं म्हटलं, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. मेसेज लिहिणारा तो 'कृत'. पुढे पाठवून दुसऱ्याला भडकवणारी मी 'कारित'. आणि वाचून नुसता अंगठा दाखवणारी 'अनुमोदना'. "मी नाही लिहिलं" ही पळवाट आपल्या शास्त्राने फार पूर्वीच बंद करून ठेवली आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडाचा त्याग येतो. अनर्थदंड म्हणजे ज्यात आपला काही प्रयोजनाचा लाभही नाही आणि दुसऱ्याला मात्र इजा होते, असं उगाचचं पाप. त्याच्या प्रकारांत दुःश्रुती सांगितली आहे, म्हणजे मन कलुषित करणारं ऐकणं आणि पसरवणं. पाठशाळेत मला हा सगळ्यांत फुटकळ दोष वाटायचा. कुणी काही वाईट ऐकलं त्यात एवढं काय? आता वाटतं, आजच्या श्राविकेला सगळ्यांत आधी घ्यावं असं व्रत हेच.

हे फक्त अनोळखी माणसांच्या बाबतीत नाही. घरातही तेच घडतं. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या छातीत गाठ आढळली होती. तपासणीचा निकाल यायचा होता. त्यांनी मला विश्वासाने सांगितलं. मी काय केलं? सगळ्यांनी त्यांच्यासाठी जाप करावा म्हणून घराण्याच्या ग्रुपवर टाकलं. हेतू शंभर टक्के चांगला. पण त्यांचा मुलगा परगावी शिकायला होता, त्याची परीक्षा चालू होती, आणि परीक्षा झाल्यावर आपण स्वतः सांगू असं त्यांनी ठरवलं होतं. त्याला आईच्या गाठीची बातमी ग्रुपवर वाचून कळली, दुसऱ्या दिवशी पेपर असताना. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण जाऊबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. सत्याणुव्रताच्या दोषांत दुसऱ्याने एकांतात विश्वासाने सांगितलेलं उघड करणं हाही दोष मानला आहे, आणि तो खोटं बोलण्याच्या पंक्तीला बसवला आहे. मी तर खरंच सांगितलं होतं! तरी दोष का, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दोन वर्षं क्षमावणी आली आणि गेली. दोन्ही वर्षी मी हात जोडलेलं छानसं चित्र सगळ्या नंबरांवर पाठवलं, "मन, वचन, कायेने काही चूक झाली असल्यास". त्यात जाऊबाईंचाही नंबर होता. त्यांच्याकडूनही तसलंच एक चित्र यायचं. शेकडो जणांची क्षमा मागून झाली, आणि जिची मागायची तिची राहिली.

तिसऱ्या वर्षी रिक्षा केली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, "तुम्ही विश्वासाने सांगितलं ते मी चव्हाट्यावर मांडलं. पोराच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. माझं चुकलं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमची चित्रं यायची. मला वाटायचं, ह्यांना आपण काय केलं ते माहीत तरी आहे की नाही?" मग आत गेल्या आणि चहा टाकला. भांडण नाही, रडारड नाही. पण ते वाक्य मी विसरले नाही. चित्रात "काही चूक झाली असल्यास" असतं. खऱ्या क्षमेत चुकीचं नाव घ्यावं लागतं, आणि ते घेताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावं लागतं.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं गाळत बसायला वेळ कुणाला आहे? आणि अडीअडचणीला? २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये लोक बेडसाठी, ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते तेव्हा असल्याच मेसेजनी कितीतरी माणसं वाचली. ती खरीच गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण तेव्हाही मी पाहिलं की रुग्णाचं काम होऊन आठवडे लोटले तरी त्याच नंबरचा मेसेज फिरत राहिला, आणि ज्या भल्या माणसाचा तो नंबर होता त्याला फोनमुळे झोप मिळेना. पुढे पाठवण्याआधी त्या नंबरावर एक फोन केला की कळतं, गरज अजून आहे की संपली. एक मिनिट लागतं. निकडीच्या वेळी तर हे एक मिनिट जास्तच गरजेचं, नाहीतर खरी हाक खोट्या गलक्यात हरवते.

दुसरं म्हणणं असं की एकटीने नियम पाळून काय होणार? यात तथ्य आहे. त्याचं उत्तर मला सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सापडलं. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे हवं ते. कोरोनाच्या काळात मुलांच्या हातात शाळेसाठी मोबाइल आला आणि शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, म्हणून गावाने मिळून हे ठरवलं. सुरुवातीला मालिका बुडतात म्हणून बायकांचीच कुरकुर होती म्हणे. आपण तरी वेगळं काय केलं असतं?

त्यात मला आवडलं ते असं की गावाने मोबाइल फोडले नाहीत, बंदीही घातली नाही. दीड तास फक्त. आणि सगळ्यांनी एकदम. एकट्या घरातल्या मुलाला मोबाइल ठेव म्हटलं तर ते म्हणणार, बाकीच्यांकडे आहे. सगळ्यांचाच बंद असला की हट्ट कुणाजवळ करणार? दशलक्षणात दहा दिवस उपवास-एकासन सोपं जातं ते याचमुळे. अख्खी गल्ली करत असते. वर्षाच्या मध्येच एखाद्या मंगळवारी एकटीने करून पाहा.

आपल्याला भोंगासुद्धा लागत नाही. आपल्याकडे सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत, सूर्यास्त आहे. रात्री जेवायचं नाही, कारण अंधारात ताटात काय पडलं ते दिसत नाही, असं आजी सांगायची. मग ज्या मेसेजचा उगम दिसत नाही तो पुढे वाढणं म्हणजे अंधारातलं जेवणच की!

मी स्वतःला तीन नियम घालून घेतले आहेत. एक, दिवेलागणीनंतर काहीही फॉरवर्ड नाही. रात्री भीतीचे मेसेज फार येतात आणि रात्री माणूस घाबरतोही लवकर. सकाळी उठून पाहिलं की दहातले नऊ पाठवावेसेच वाटत नाहीत. दोन, मूळ कुणाचं ते कळत नसेल आणि खाली माझं नाव लिहून सही करायची माझी तयारी नसेल, तर ते पाठवायचं नाही. तीन, दुसऱ्याच्या घरातली बातमी, आनंदाची असो की दुःखाची, त्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय माझ्या मोबाइलमधून बाहेर जाणार नाही. क्षमावणीला चित्र पाठवणं मी बंद केलं. त्याऐवजी पाच फोन करते किंवा पाच घरी जाते. शेकड्यावरून पाचावर आले, पण त्या पाचांत नुसतं चित्र एकही नसतं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्याकडून सगळ्यांत उशिरा झाली. पाणी गाळणं म्हणजे कापड लावलं आणि काम संपलं, असं नसतं हे आपल्याला ठाऊक आहे. कापडात राहिलेले जीव गटारात झटकून द्यायचे नसतात. कापड उलटं करून, वरून पाणी ओतून ते जिथून आले त्या पाण्यात सांभाळून पोहोचवायचे. याला जिवाणी म्हणतात. विहिरी होत्या तेव्हा सासूबाई कापड घेऊन विहिरीपर्यंत जायच्या. आता नळाच्या पाण्याची जिवाणी पोहोचवणार कुठे, म्हणून आपल्यातल्या बहुतेक जणी फक्त गाळतो आणि पुढचं सोडून देतो.

मेसेजचंही तसंच आहे. मी पुढे पाठवला नाही, एवढ्यावर माझी सुटका होत नाही. जिच्याकडून आला तिला हळूच, चारचौघांत नाही, एकटीला फोन करून सांगायचं, "अगं, हे खरं नाही बरं का." तिला न दुखावता, तिची लाज राखून. आणि आपण स्वतः पाठवलेला असेल तर जिथे पाठवला तिथेच परत जाऊन तसं लिहायचं.

त्या दिवशी भावाशी बोलून झाल्यावर मी माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, "सकाळी मी पाठवलेला साखरेचा उपाय मी न वाचता पाठवला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही औषध बंद करू नये. चूक माझी." मग थोडा वेळ मोबाइल हातात धरून बसले. २०१८ च्या त्या तीन ग्रुपांपैकी एक बंद पडला आहे. दोन अजून चालू आहेत. त्या दोन्हींवर मी राईनपाड्याबद्दल लिहिलं. त्या जूनमध्ये मी काय पाठवलं होतं तेही लिहिलं.

एका ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यावर बऱ्याच वेळाने एका वयस्कर बाईंचं उत्तर आलं. अंगठा नाही, फूल नाही. लिहिलं होतं, "मीपण पाठवला होता."

जय जिनेंद्र.